खाऱ्याकडे

लॅपटॉप नाही. दिराचा जुना मोबाईल,
काचेला कोपऱ्यातून तिरपा तडा;
तो प्रत्येक आकृतीतून जातो,
मागच्या आठवड्यात हृदयातून,
आज मूत्रपिंडातून.
रात्रीचे सव्वाअकरा. कोपरखैरणे, माथाडी वसाहत.
पोटमाळ्यावर मी, खाली सगळे झोपलेले,
आणि कानात बंगळुरूचे कुणी सर
दीडपट वेगानं सांगतायत ऑस्मोसिस.

व्हिडिओ थांबवते.
वहीच्या समासात लिहिते: परासरण.
नववीत ढमाले बाईंनी
मिठाच्या पाण्यात बटाट्याच्या फोडी टाकून ठेवल्या होत्या,
दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडल्या.
बाई म्हणाल्या, बघा, पाणी निघून गेलं.
अर्धपार्य पटल.
किती शब्द माझे तेव्हापासून
अलीकडेच अडकून राहिलेत.

सकाळी सात, नेरूळ, डायलिसिस, खाट चार.
हिराजी भगत, वय एकाहत्तर,
कोरडं वजन बावन्न किलो.
आज काटा म्हणतो साडेचौपन्न.
"किती पाणी प्यालात काका?"
"तू मोजाला आलेली का?"
त्यांच्या डाव्या हाताच्या शिरेवर बोटं ठेवते.
आत घरघर, मांजर पोटाशी घेतल्यासारखी.
चालू आहे.
दोन सुया. ते पंख्याकडे बघत राहतात.

मग चार तास.
स्टुलावर बसून मी झेरॉक्स काढते पिशवीतून,
एक डोळा मशीनच्या आकड्यांवर.
"काय वाचतंस गो?"
सांगते, मधे पडदा असला ना काका,
की पाणी पातळाकडून घट्टाकडे जातं.
ते हसतात, नळी हलते.
"याला पुस्तक कशाला? पानी खाऱ्याकरंच जातं.
बारा वर्सांचा व्हतू तवापासून मिठागरान हाव मी."

खाडीचं पाणी पहिल्या वाफ्यात कसं घ्यायचं,
तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात,
घट्ट होताना त्याचा रंग कसा बदलतो,
दिवसभर पाय त्यात
आणि संध्याकाळी तहान
कशी पायांतून वर चढायची,
हे ते सांगतात. सर काल हे बोलले नव्हते.
"आता थय बिल्डिंगा. पन भिंतीला पोपरं येतान ना?
त्यो आमचाच मीठ. जाल कुठं?"
त्यांना आता दिवसाला चिमूटभर.
डब्यात बिनमिठाची भाकरी,
झाकण न उघडता परत नेतात.

परीक्षा घरूनच.
कॅमेरा म्हणतो, खोली फिरवून दाखवा.
दाखवते: गाद्यांची चळत, रिकामा सिलिंडर,
शिडीचं वरचं टोक.
सासूबाई खाली खोकल्या, तर सूचना आली,
खोलीत दुसरी व्यक्ती आढळली.
मग दुसरी सूचना, ओठ हलवू नका.
आता ओठ न हलवता वाचायला
मला कुणी शिकवलंच नाही.
इंग्रजी तर मी
जवळजवळ चावूनच गिळते.

प्रश्न सतरा.
एक पडदा, दोन्ही बाजूंना पाणी, उजवीकडे मीठ जास्त.
पाणी कुठे जाईल?
चार पर्याय, चारही लांबलचक.
ओठ घट्ट मिटले
आणि ऐकलं, खाऱ्याकरं.
बोट आपोआप तिसऱ्यावर.

एकसष्ट गुण.
सुपरवायझर म्हणाले, डिग्री होऊ दे,
मग बघू तुझं वरच्या जागेचं.
काकांना पेढा देता येत नाही,
नुसतं सांगितलं.
बराच वेळ गप्प बसले.
मशीन तेवढं चाललेलं.
"मंग मना सुया कोन लावील गो?
त्या नव्या पोराला शीर गावत नाय."
अजून पाच सेमिस्टर आहेत काका, म्हटलं.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं
आणि मोजणं मधेच सोडून
हात चादरीत घेतला.

रात्री सव्वाअकरा. प्रकरण नववं.
तडा आता यकृतातून.
पोटमाळ्याची भिंत उशीशी फुगलीय.
नखानं पोपडा उचलते,
खालची पांढरी भुकटी बोटावर घेते,
कुणी बघत नाही, कॅमेरा बंद आहे,
जिभेला लावते.